जे बदललं नाही

सकाळी आफरीन कारखान्याची रिकामी शेड मोबाईलवर शूट करून आली. दुपारनंतर ती पाडायला अब्बांनी सांगितलेला जेसीबी येणार होता. तिचे आजोबा शेखलाल यांनी तिथं हातमागावर चादरी विणण्यात जन्म काढला होता. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आजोबा मागावर बसलेले आहेत अशी एक जुनी क्लिप घरात होती. ती जिथून घेतली होती, तिथंच दारात उभं राहून आफरीननं नवी घेतली होती. लॅपटॉपवर तिनं नवीवर जुनी ठेवली आणि जुनी निम्मी पारदर्शक केली. रिकाम्या शेडमध्ये माग उमटले, आजोबा उमटले. तिनं अब्बांना हाक मारली.

मग तिनं दोन क्लिप एकमेकींत मिसळायची पद्धत, म्हणजे ब्लेंड मोड, बदलून 'डिफरन्स' लावला.

"यात दोन्ही क्लिपमध्ये जे सारखं आहे ते काळं होतं, अब्बा. बदललेलं तेवढंच उजळतं."

भिंती उजळल्या, छप्पर उजळलं, माग लखलखले. आजोबा मात्र काळेच राहिले. डोक्यापासून पायापर्यंत काळेकुट्ट, आणि त्यांचे हात चालत होते.

"म्हणजे काय?" अब्बांनी विचारलं.

"म्हणजे ते दोन्हीत आहेत. जसेच्या तसे."

आफरीननं जुनी क्लिप काढली. पडद्यावर सकाळची शेड उरली, धुळीनं भरलेली, रिकामी. तिनं जुनी परत लावली. ते विणतच होते.

अब्बांनी डोक्यावर टोपी चढवली. मग त्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"आज येऊ नकोस, भीमा. आत माणूस हाय."