सवतीचं काळीज

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, काका. याला किती वेळ लटकवून ठेवू?" मेकॅनिकनं विचारलं.

नवं इंजिन गॅरेजच्या छताला साखळीनं टांगलेलं होतं. नवं म्हणजे अपघातात चेपलेल्या कुठल्याशा गाडीतलं, पण काकांच्या गाडीपेक्षा बरंच तरुण. खाली ती जुनी गाडी उभी होती. घरापासून दोरीनं ओढत आणलेली, बॉनेट अजून बंद.

काका बाकावर अंग चोरून बसले होते. आयुष्य ग्रंथालयात गेलेलं. नाही म्हणायचं तरी आधी घसा खाकरायची सवय.

"काकू किती वर्षं मागं लागल्या होत्या," मेकॅनिक म्हणाला. "बदला म्हणून. तुमचं आपलं एकच, जुनं ते सोनं."

"गाडीला सवत म्हणायची ती." काका किंचित हसले. "परगावी गाडी उभी केली, की चोरानं नेऊ नये म्हणून बॉनेटखाली हात घालून सवतीच्या मुसक्या बांधून यायची. मला म्हणायची, हिचं काळीज बदलायचं म्हटलं की तुमचा जीव तुटतो. माझ्या काळजावर सुरी चालवायचा कागद आला, की डोळे मिटून सही."

मेकॅनिक हसला आणि मग एकदम साखळीकडे बघू लागला.

त्या दिवशी सकाळपासूनच काकूंना धाप लागत होती. "पुन्हा त्या नळ्या नकोत. इथंच बरी आहे मी," एवढंच त्या म्हणत होत्या. काका औषधं घेऊन परतले, तर काकू गाडीशेजारच्या पायरीवर बसलेल्या. "दोन पावलं चालून बघितली," म्हणाल्या, आणि हात धुवायला साबण मागितला.

दुपारी ओठ निळे पडले, तेव्हा काकांनी त्यांचं काही ऐकलं नाही. उचलून मागच्या सीटवर निजवलं. घाईत त्यांचा चष्मा घरी टेबलावरच राहिला. चष्म्याचं घर मात्र काकूंच्या मुठीत होतं. काकांनी चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा. पेटेना.

"असू दे हो," मागून आवाज आला. "या, माझ्यापाशी बसा."

काकांनी फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका आली, तेव्हा ते मागच्या सीटवर काकूंचा हात धरून बसले होते. घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

मुलगी आली, रडली आणि जाताना म्हणाली, "बाबा, वेळेवर इंजिन बदललं असतं, तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. काका ते रोज पुरं करत होते.

"आता बदलणं म्हणजे वरातीमागून घोडं," काका म्हणाले. "आणि नाही बदललं, तर ही गाडी दारात उभी राहून रोज मला विचारणार." त्यांनी घसा खाकरला. "बदला. फक्त काढण्याआधी एकदा तिचा आवाज ऐकवाल?"

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आपली बॅटरी जोडली. मग कशालातरी हात घालून एक झाकण उचललं आणि थबकला.

"काका, गाडी कुणी उघडली होती का?"

"नाही. त्या दिवसापासून कुणी हातही लावला नाही."

"यात रोटर नाहीये. अंगठ्याएवढा तुकडा असतो. तो नसला, तर रात्रंदिवस चावी फिरवा, ठिणगी पोचणार नाही."

त्यानं फळीवरचा एक जुना रोटर पुसून बसवला. चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि शांत, एका लयीत चालू लागली.

काका बाकावरून उठले नाहीत.

"इंजिनाला काही झालंच नव्हतं," मेकॅनिक पुटपुटला. मग मागचं दार उघडून तो उगाच सीट झटकू लागला. सीटखालून त्याच्या हाती काहीतरी लागलं.

"काकूंचा चष्मा, काका. आत खुळखुळतोय. फुटला नसला म्हणजे मिळवली."

चष्मा तर घरी टेबलावर होता. काकांनी ते चष्म्याचं घर हातात घेतलं आणि उघडलं.

आत अंगठ्याएवढा काळा तुकडा होता.