पाण्याचा घोट

नाकातून अन्ननलिकेत नळी घातलेले भालचंद्र तपासणीच्या खाटेवर पडले होते. आम्लपित्त वाढल्यापासून घास छातीत अडकत होता. धाकटा भाऊ असंच गिळणं बंद होऊन गेला होता. ती भीती त्यांनी बायकोपासून, नलिनीताईंपासून लपवली होती.

"काका, पाणी गिळा," डॉक्टर म्हणाली. त्यांना गिळता येईना.

नलिनीताईंनी त्यांचा हात धरला. "अहो, माझ्याकडे बघा."

त्यांनी गिळलं. नळीला जोडलेल्या पडद्यावर गिळण्याच्या दाबाची रंगीत लाट वरून खाली सरकली.

"मज्जातंतूंचे निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचताहेत," डॉक्टर हसली. "फक्त अन्ननलिकेची खालची झडप अवेळी सैल पडते, म्हणून आम्ल वर येतं आणि घास अडकल्यासारखा वाटतो. औषधाने बरं वाटेल."

नळी निघाल्यावर भालचंद्र पुटपुटले, "फार घाबरलो होतो गं."

"ठाऊक होतं," नलिनीताई म्हणाल्या. "तुमचा घास उतरल्याशिवाय मी माझा घेत नव्हते."