बारावा धडा

“मला खूप वाईट वाटतंय!” सासूबाई कोरियन भाषेत गरजल्या. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून बघावं, फुकट काय वाटतायत.

सुनेने हेडफोन काढून टेबलावर आपटला. सकाळपासून अकराव्यांदा हेच. “आई, शब्द बरोबर आहेत हो. पण असं कोणी म्हणत नाही! तुम्ही दुःख सांगताय की भांडायला उठलाय?”

“दुःखच की! हे काय, वर लिहिलंय. धडा बारावा, दुःख कसं सांगावं.” सासूबाईंनी पुस्तक तिच्या नाकासमोर नाचवलं.

पुस्तक सुनेनेच लिहिलेलं होतं, कोरियन वाक्यांचे उच्चार देवनागरीत देऊन. कोरियन ही तिची माहेरची भाषा. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली, सासूबाईंच्या हाताखाली इथली भाषा शिकली, आणि आता मागच्या खोलीत बसून लॅपटॉपवरून इथल्या मुलांना स्वतःची भाषा शिकवायची. इतक्या वर्षांत सासूबाई त्या खोलीत फक्त चहाचा कप ठेवायला येत. आठ दिवसांपूर्वी मात्र वही-पेन घेऊन आल्या. मलाही शिकव म्हणाल्या. बरं, मुळाक्षरं नकोत, आकडे नकोत, साधं ‘कसे आहात’ नको. एकदम बारावा धडा!

आणि नेमका तोच धडा सुनेला नको होता. तेवीस दिवसांपूर्वी तिची आई गेली होती. भावाचा फोन आला, पण तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं. मग ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा वर्ग घ्यायला बसली. नवरा दारातून विचारायचा, “ठीक आहेस ना गं?” ती ‘ठीक आहे’ म्हणायची. तोही बिचारा सुटल्यासारखा निघून जायचा. ती रडली नाही. एकदा सुरू झालं तर थांबायचं नाही, याची तिने धास्तीच घेतली होती.

मग तिचा आवाज जायला लागला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि घसा उत्तम असल्याचं सांगितलं. उत्तम कसला, डोंबल! वर्गात वाक्य अर्ध्यावर तुटायचं. सगळं पोट आवाजावर, आणि तोच निघेना. असंच चालू राहिलं तर महिनाअखेर वर्ग बंद करावे लागणार होते. मुलांना तिने अकराव्या धड्यावरून सरळ तेराव्यावर नेलं होतं. आता सासूबाईंना काय म्हणून गप्प करावं? या बाईंना काही कळतं की नाही, असं आठ दिवसांत तिच्या शंभरदा मनात आलं होतं.

“पुढचं वाक्य घेऊ,” सासूबाई म्हणाल्या आणि पाठोपाठ कोरियनमध्ये ठणकावलं, “मला आईची फार आठवण येते!”

“सावकाश! शेवटी आवाज खाली येतो.”

सासूबाईंनी आवाज खाली आणला. इकडेतिकडे पाहून कुजबुजत म्हटलं.

“ही चुगली झाली, आई!” सुनेने कपाळाला हात लावला. “माझा एकचा वर्ग आहे. मुलं येऊन बसतील. का माझा जीव खाताय?”

“मग तू म्हणून दाखव ना! नुसत्या चुका काढतेस. मास्तरीण आहेस ना?”

आता मात्र सुनेचं डोकं फिरलं. चुकीचं ऐकून सोडून देणं तिला जन्मात जमलं नव्हतं. “एकदाच म्हणते. नीट ऐका,” ती म्हणाली, आणि वर्गातल्या आवाजात वाक्य फाडकन म्हणून मोकळी झाली.

सासूबाईंनी मान हलवली. “हे तर माझ्यापेक्षा वाईट. रिक्षावाल्याला पत्ता सांगितलास.”

“काय?”

“खरं तेच सांगते. पुन्हा म्हण.”

सून चिडली. स्वतःच्या भाषेत आपल्याला कोणी चूक म्हणतं! तिने खुर्ची पुढे ओढली, श्वास घेतला आणि सावकाश सुरुवात केली. “ऑम्मा...” आई. पहिल्याच शब्दावर आवाज चिरकला. तिने पुन्हा म्हटलं. मग कोणी न सांगता पुन्हा. चौथ्यांदा वाक्य पुरं झालंच नाही. ती टेबलावर कोसळली आणि हमसून हमसून रडायला लागली. रडता रडता आपल्या भाषेत किती काय काय बोलत राहिली. त्यातलं बरंचसं पुस्तकात कुठेच नव्हतं.

नवरा धावत दारात आला. सासूबाईंनी त्याला हातानेच बाहेर घालवलं. लॅपटॉपवर एकच्या वर्गाची मुलं दिसायला लागली होती. सासूबाईंनी लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं आणि सुनेला जवळ ओढलं.

बऱ्याच वेळाने हुंदके उतरले. सुनेच्या पाठीवरून हात फिरवत सासूबाईंनी ते वाक्य म्हटलं. हळू, थांबत, शेवटी आवाज खाली आणत. त्यांची स्वतःची आई जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. सुनेने मान वर केली. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“आई,” ती नाक पुसत म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ निघाला. “तुम्हाला तर छान येतंय की!”

“मला पहिल्याच दिवशी आलं होतं गं,” सासूबाई म्हणाल्या. “येत तुला नव्हतं.”