एवढीशी नळी

नऊ वर्षं खपून आम्ही मिलिमीटर रेडिओलहरींचा जोर वाढवणारा कपाटाएवढा ॲम्प्लिफायर अंगठ्याएवढ्या निर्वात नळीत बसवला. ताकद तसूभरही कमी होऊ दिली नाही. तपासणी समिती येणार त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या संचालकांनी ती नळी तळहातावर घेतली आणि त्यांचं तोंडच उतरलं.

"अहो, एवढीशीच? समितीला काय भिंग देऊन दाखवायची? जरा भारदस्त काहीतरी करा!"

मग वर्कशॉपवाल्यांनी एक लोखंडी कपाट रंगवलं, त्याला दिवे लावले, दोन घरघरणारे पंखे बसवले आणि आमची नळी आत कोपऱ्यात डकवून टाकली. समितीचे अध्यक्ष कपाटाभोवती दोनदा फिरले, बेहद्द खूश झाले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.




"झकास! आता फक्त हे जरा लहान करून दाखवा. नऊ वर्षं पुरतील ना?"