काचेचं बदक

प्रवासात मुद्दाम वाट वाकडी करून मी आठ दिवस माझ्या कलाकार मैत्रिणीकडे राहिले. मला काचेचं बदक करायला शिकायचं होतं.

"बदक कसलं करतेस लगेच? आधी हात बसू दे," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने मला डाख द्यायला शिकवलं. सरावासाठी तिच्या आईने लगबगीने पत्र्याची गळकी बादली आणून दिली. मग रिव्हेट मारायला शिकले आणि कढईचा निखळलेला कान बसवला. त्यानंतर काच कापणं. चार काचा वाया घालवल्या, पण पाचवी बाथरूमच्या फुटक्या खिडकीत अशी चपखल बसली, की मीच ती खिडकी दहा वेळा उघडून लावली. चटके बसले, बोटं कापली, तरी हूं की चूं केलं नाही. कला काय अशीच येते?

त्रास एकाच गोष्टीचा होता. पाहुण्यांच्या खोलीतला पलंग इतका डुगडुगायचा, की कूस बदलली की होडीत झोपल्यासारखं वाटायचं.

निघायचा दिवस आला, बदक राहिलंच.

"पुढच्या वेळी नक्की!" मैत्रीण म्हणाली. "पण हात बघ कसा तयार झालाय तुझा!"

मला अगदी भरून आलं. दारात तिच्या आईला म्हटलं, "काकू, किती मनापासून शिकवते हो ही! फक्त तेवढा तो पलंग दुरुस्त करून घ्या."

"होईल गं," काकू म्हणाल्या. "सोमवारी हिची मावसबहीण येतेय ना, लाकडावरचं कोरीवकाम शिकायला."