आजोबा, हात दाबा

"आजोबा, हात दाबा," असं रोज सकाळी म्हणायचं आणि पेशंट दाबतो का ते बघायचं, हे त्या शिकाऊ डॉक्टर मुलीचं काम. ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या आजोबांनी आज तिचा हात दाबला होता. चांगला घट्ट.

"थापा मारतेस?" राउंडला आलेले मोठे सर्जन सगळ्यांदेखत कडाडले. "कालपासून त्यांना अंग लुळं पाडणारं औषध चालू आहे. बोटसुद्धा हलणार नाही. कुणी पास केलं गं तुला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर हेच चाललं होतं. चूक कुणाचीही असो, खापर तिच्याच डोक्यावर.

"सर, तुम्हीच हात देऊन बघा ना."

सरांनी हसत आपला उजवा हात आजोबांच्या तळव्यात ठेवला. "आजोबा, दाबा बरं!"

काहीच झालं नाही. नर्सही तोंड फिरवून हसल्या.

"दाबा," ती दात-ओठ खात पुटपुटली.

सरांचं हसू मावळलं. त्यांनी हात ओढला, तो सुटेना. आजोबांच्या पापण्या मिटलेल्याच होत्या, व्हेंटिलेटर संथपणे श्वास देत होता, आणि सरांची बोटं काळीनिळी पडत होती.

"सोडायला सांग त्यांना!" सर कळवळले. "अगं, याच हाताने ऑपरेशन करतो मी!"

तेच सांगायला तिने तोंड उघडलं. पण महिनाभर गिळलेलं सगळं वर आलं.

"अजून," ती म्हणाली.

आणि विभागातल्या सगळ्या खाटांवरच्या निपचित हातांच्या मुठी एकदम आवळल्या गेल्या.