जोडीची स्लीपिंग बॅग

नवऱ्याला थंडी सोसत नाही, म्हणून त्याच्या बर्फातल्या कॅम्पिंगची काळजी त्याच्यापेक्षा तिलाच जास्त. "ऑफिसातले आम्ही चौघे मित्र, बायका कुणीच नाहीत," असं तो म्हणाला होता. "पैशाकडे बघू नकोस, पिसांचीच स्लीपिंग बॅग घे," असं तिनेच त्याला चारदा बजावलं होतं.

दुपारी दुकानदाराचा फोन आला. "वहिनी, साहेबांचा फोन लागत नाहीये, म्हणून तुम्हाला केला. त्यांनी जोडीची बॅग पसंत केलीय, दोघांना ऐसपैस होईल अशी. फक्त तुमची उंची पाच फूटच ना? तेवढी खात्री करून घेतो."

तिची उंची पाच फूट आठ इंच होती. लग्नापासून नवरा तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचं टाळत आला होता.

तिने आवाज हलू दिला नाही. "ती जोडीची रद्द करा, भाऊ. एकट्याची द्या, असेल त्यातली सगळ्यात पातळ."

"अहो वहिनी, बर्फात कुडकुडतील साहेब!"



"बर्फात कुठले जातायत? आजपासून ते गॅलरीत झोपणार आहेत."